आजाऱ्यांच्या खोलीतली शेगडी

१

मास्तर वारले ते नेमके अर्थसंकल्पाच्या सभेच्या दिवशी. जिवंत होते तोवर नगरपालिकेत त्यांना ‘बसा’ म्हणणारं कुणी भेटलं नाही. मेल्यावर मात्र अर्थसमितीचे सभापती सकाळी सकाळी स्वतःच्या गाडीतून बेघरांच्या निवाऱ्यात हजर झाले. पोलिसांच्याही आधी.

निवाऱ्यात एक मोठं दालन होतं, तिथं सगळे ओळीनं झोपायचे. मागच्या बाजूला एक लहान खोली होती, ती आजाऱ्यांची. कुणाला खोकला धरला, ताप चढला की त्याला तिथं हलवायचं, म्हणजे बाकीच्यांना झोप लागते. तापानं फणफणलेल्या मास्तरांना तिथंच ठेवलं होतं. निवारा चालवणाऱ्या माई सकाळी गरम पाणी घेऊन गेल्या, तर मास्तर खाटेवर उताणे, गळ्यापर्यंत पांघरूण, अंग थंडगार. समोरच्या कोपऱ्यात झरोक्याखाली कोळशाची शेगडी. राखेत अजून धग होती.

“उघड आहे,” नाकाला रुमाल लावून सभापती दारातूनच म्हणाले. “बंद खोलीत कोळसा पेटवून ठेवला, माणूस गुदमरला. निष्काळजीपणा, दुसरं काय! मॅडम, तुमचा कागद दुपारच्या सभेआधी माझ्या टेबलावर आला तर बरं होईल.”

मॅडम म्हणजे इन्स्पेक्टरबाई. वय पन्नाशीपुढचं, दोन्ही गुडघे दुखरे, आणि नोकरीत बढत्यांपेक्षा बदल्या जास्त. कुणी घाई केली की मुद्दाम सावकाश काम करायचं ही त्यांची जुनी खोड, आणि निम्म्या बदल्या त्या खोडीपायीच झालेल्या.

“मृतदेह आधी डॉक्टरांच्या टेबलावर जाऊ दे,” बाई म्हणाल्या. “मग तुमच्या टेबलाचं बघू.”

सभापती गेले. बाईंनी खोलीचं दार आतून लावून घेतलं आणि एकट्याच उभ्या राहिल्या. खोलीला दोन दारं होती. एक दालनात उघडायचं, दुसरं मागच्या गल्लीत, आजारी माणसाला दालनातून न नेता थेट बाहेर काढता यावं म्हणून. गल्लीच्या दाराला आतून कडी होती, पण ती लावलेली नव्हती. शेगडी जमिनीवर नव्हती. तिच्याखाली फरशीचा एक चौकोनी तुकडा नीट सरळ ठेवलेला होता. वरच्या झरोक्यावर पडद्यासारखं गोणपाट लटकत होतं.

बाई उकिडव्या बसल्या, गुडघ्यांना शिव्या दिल्या, शेगडी पाहिली आणि उठायला गेल्या तेवढ्यात मानेला गार वारा झोंबला. दोन्ही दारं लोटलेली, खिडकी नाहीच. मग वारा कुठून?

त्यांनी हात उंचावून गोणपाट बाजूला केलं. मागे काच नव्हती. चौकटसुद्धा धड नव्हती. हात कोपरापर्यंत आरपार बाहेर जाईल एवढं भगदाड होतं, आणि शेगडी बरोबर त्याच्याखाली ठेवलेली. या खोलीत कोळशाच्या धुरानं डाससुद्धा मेला नसता.

२

“धुरानं गेलेलं माणूस लालबुंद दिसतं,” डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. “यांचे ओठ निळे आहेत आणि ओठांच्या आतून दात रुतल्याच्या खुणा आहेत. पक्कं मी नंतर लेखी देईन, पण मला विचाराल तर उशी. आणि हो, मानेला मागच्या बाजूनं एक बारीक ओरखडा आहे. काहीतरी ओढून तोडल्यासारखा.”

बाईंनी हे सगळं स्वतःपाशीच ठेवलं. हवालदारांना मात्र सांगितलं, कारण हवालदारांना न सांगितलं तर ते दिवसभर रुसून बसत.

माई दालनाच्या पायरीवर बसल्या होत्या. साठीच्या, हाडापेरानं मजबूत बाई, पण आज खांदे पडलेले. आत दालनात कुणी बोलत नव्हतं. इतकी माणसं एका छपराखाली गप्प बसलेली बाईंनी अंत्यविधीशिवाय पाहिली नव्हती.

“शेगडी मी ठेवली नाही,” माई म्हणाल्या.

“मग कुणी?”

“नाही माहीत. पण आज दुपारी सभेत आमचं अनुदान आहे विषयपत्रिकेवर. निष्काळजीपणा ठरला की अनुदान बंद, आणि अनुदान बंद की संध्याकाळपर्यंत निवारा खाली. पहाटे बाहेर काय गारठा पडतो ठाऊक आहे ना तुम्हाला? आतल्या निम्म्यांना तो सोसायचा नाही. मला तुरुंगात टाका हवं तर, तिथं छप्पर असतं. पण यांना बाहेर काढू नका.”

“पालिकेच्या तपासणी अहवालात लिहिलंय, आजाऱ्यांच्या खोलीत उबेसाठी शेगडीची सोय आहे. सभापती वाचून दाखवत होते.”

माईंनी तोंड मिटून घेतलं, ते काही केल्या उघडेना. शेजारी एक बाई फाटकी चादर सांधत बसली होती. पूर्वी शिवणकाम करायची, म्हणून सगळे तिला शिंपीणच म्हणत. तिनं दातानं दोरा तोडला आणि मध्येच बोलली.

“शेगडी कशाला आत आणतील बाई? ती मागच्या पडवीतली. तिच्यावर आम्ही उवा झालेले कपडे उकळतो. तिला हात लावायला नको वाटतं, उशाशी कोण ठेवील?”

“तू गप गं,” माई तिच्यावर खेकसल्या.

“का गप? मास्तर गेले! माझी सही त्यांनी शिकवली मला, म्हातारपणी. शाळा बंद पडली, बायकोच्या आजारपणात घर गेलं, म्हणून इथं आले, नाहीतर इथला माणूस नव्हता तो.” शिंपिणीचे डोळे भरून आले. “आणि त्यांची किल्ली कुठंय ते विचारा आधी. गळ्यात पांढऱ्या बुटाच्या नाडीत असायची, अंघोळीलासुद्धा काढायचे नाहीत.”

बाईंनी हवालदारांकडे पाहिलं. हवालदारांनी मान हलवली. मृतदेहाच्या गळ्यात काहीच नव्हतं.

“कसली किल्ली?” बाईंनी विचारलं.

आता माई बोलल्या. पालिकेनं बेघरांसाठी घरं बांधायची योजना काढली होती. मोठा मांडव घालून किल्ल्या वाटल्या. इथल्याच लोकांना धुतलेले कपडे घालून नेलं, एकेकाच्या हातात किल्ली दिली, फोटो काढले, आणि मांडवाच्या मागच्या बाजूला एक माणूस पेटी घेऊन उभा होता. नाव लावून परत देतो म्हणत त्यानं सगळ्या किल्ल्या जमा करून घेतल्या. त्यानंतर ना कुणाला किल्ली मिळाली ना घर. मास्तरांनी तेवढी आपली दिली नाही.

“बरे होते तेव्हा चालत गेले घर बघायला. मोकळं माळरान आणि एक पाटी. बस्स. आजच्या सभेत ते प्रश्न विचारणार होते. नागरिकाला विचारता येतो, आदल्या दिवशी लेखी द्यावा लागतो. काल ताप अंगात घेऊन देऊन आले. एकच ओळ लिहिली होती. माझं घर कुठं आहे, ते सभागृहानं दाखवावं.”

“हा प्रश्न कुणाकुणाच्या हातात गेला असेल?”

“घरांचा पैसा ज्यांच्या सहीनं गेला त्यांच्या. तिघांच्या,” माई म्हणाल्या. “आणि तेच तिघं आमच्या तपासणीलाही येतात.”

३

पहिले सभापती. त्यांच्या दालनात इतक्या खुर्च्या होत्या की निवाऱ्यातली निम्मी माणसं सहज बसली असती. त्यांनी बाईंना पाणी मागवलं, स्वतःला सरबत.

“प्रश्न आला होता, हो. असले प्रश्न येतातच. माणूस म्हातारा, डोकं ठिकाणावर नाही. घरांचं काम प्रगतिपथावर आहे.”

“पाहिलंत तुम्ही?”

“सगळं मी कसं पाहू मॅडम? मी धोरण ठरवतो.”

“आणि निवाऱ्यातली आजाऱ्यांची खोली?”

सभापतींनी पुन्हा रुमाल काढला. “मी उंबऱ्याच्या आत जात नाही. माझी छाती नाजूक आहे. माईंबरोबर दारात फोटो काढतो आणि गाडीत बसतो. आतलं अभियंता आणि लेखाधिकारी बघून घेतात. तुमच्या त्या हवालदारांना विचारा, बंदोबस्ताला तेच होते.”

हवालदारांनी बाहेर आल्यावर दुजोरा दिला. “खरंय बाई. फोटोवाल्याला दोनदा काढायला लावला, पण उंबरा ओलांडला नाही.”

दुसरे पालिकेचे अभियंता. पाय टेबलावर, हातात नखं कापायचं यंत्र. बाई आल्यावर पाय खाली आले, यंत्र हातातच राहिलं.

“घरं? कंत्राटदाराला विचारा. मी दाखला दिला, कारण मला दाखला द्या म्हणाले. सगळी साखळी आहे हो, मी एक कडी.”

“आजाऱ्यांच्या खोलीतली शेगडी आठवते?”

अभियंता चक्क हसले. “अहो बाई, नाटक ते! तपासणी आली की शेगडी आत, तपासणी गेली की शेगडी बाहेर. इतकी वर्षं बघतोय. मी त्यांचं नाटक बघून न बघितल्यासारखं करतो, ते माझं. झरोक्याला काच बसवल्याचं बिल मीच दिलंय की. तिथं काच कुठंय? तेरी भी चूप, मेरी भी चूप.”

माणूस निर्लज्ज होता, पण बाईंना त्याचा राग यायच्या ऐवजी उपयोग झाला. निर्लज्ज माणूस पुष्कळदा खरं बोलतो, कारण लपवायचे कष्ट त्याला नको असतात.

तिसरे मुख्य लेखाधिकारी. त्यांना सगळी कचेरी नियमकाका म्हणायची, तोंडावरसुद्धा. त्यांनी उभं राहून नमस्कार केला आणि बाईंना परत दाराशी पाठवलं, भेटवहीत सही राहिली होती म्हणून. खोलीत धूळ नव्हती. भिंतीवर खुंट्यांची एक लांब फळी होती, प्रत्येक खुंटीला पालिकेच्या मालकीची एक किल्ली आणि प्रत्येक किल्लीला चिठ्ठी. सबंध नोकरीत या माणसानं कुणाचा चहासुद्धा फुकट घेतला नाही असं शिपाईही सांगत, आणि शिपाई साहेबांची उगाच तारीफ करत नाहीत.

“या महिनाअखेर निवृत्त होतोय,” नियमकाका म्हणाले. आवाज खोल गेलेला होता. “मास्तरांचं ऐकून फार वाईट वाटलं. सज्जन माणूस.”

“त्यांना घर दिल्याच्या कागदावर तुमची सही आहे.”

“अभियंत्यांचा दाखला जोडलेला होता. दाखला असला की सही करावी लागते. मी जाऊन विटा मोजायच्या नसतात, इन्स्पेक्टरबाई. प्रत्येकानं आपापलं काम केलं की व्यवस्था चालते.”

“निवाऱ्याची ती खोली आठवते?”

“का नाही आठवणार? मी स्वतः आत जाऊन पाहिली. खाट, स्वच्छ चादर, झरोक्याला काच, काचेवर पडदा. पडद्याखाली शेगडी, तिच्याखाली फरशी, म्हणजे जमीन तापू नये. सगळं नियमानुसार. म्हणून तर अनुदान मंजूर केलं.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “काच बंद राहिली असणार. घात झाला.”

बाई उठल्या. जिन्यावर हवालदारांनी विचारलं, “आता कुणाकडं?”

“माईंकडं. आता त्यांना तोंड उघडावंच लागेल. आणि तुम्ही मागं थांबा. नियमकाका जेवायला उठले की त्यांच्या शिपायाला बरोबर घ्या आणि ती फळी नीट बघून या.”

४

“अभियंत्यांनी सांगितलं मला, शेगडीचं नाटक,” बाई म्हणाल्या.

माईंनी डोक्याला हात लावला. दालनातून कुणाचा तरी खोकला येत राहिला.

“उबेची सोय दाखवल्याशिवाय अनुदान मिळत नाही,” शेवटी त्या म्हणाल्या. “आणि अनुदान मिळाल्याशिवाय उबेची सोय कशी करायची, ते कुणी सांगत नाही. मग तपासणीच्या दिवशी पडवीतली शेगडी घासूनपुसून आत ठेवते. फरशीचा एक तुकडा आहे, तो खाली घालते, बरं दिसावं म्हणून. झरोक्यावर पडदा टाकते, भोक दिसू नये म्हणून. पडदा तेवढा वाऱ्यासाठी तसाच राहतो, बाकी सगळं दुपारी परत जागच्या जागी. उबेचे म्हणून जे पैसे येतात त्यांचं औषध आणते, पांघरुणं आणते. एक पैसा घरी नेला नाही.”

“फरशीचा तुकडा एरवी कुठं असतो?”

“खाटेमागं, भिंतीला टेकून.”

“हे तुम्हाला सकाळीच सांगता आलं असतं.”

“आणि मग? माईंनी पालिकेला फसवलं, हे माझ्याच तोंडून झालं असतं. निवारा बंद करायला त्यांना याहून काय हवं?” माई चिडून म्हणाल्या. “खुनाचा आळ माझ्यावर आला तर मी एकटी जाते. हे बोलले तर सगळेच जातात.”

बाई त्यांच्याशेजारी पायरीवर बसल्या. त्यांना माईंचा हिशेब बरोबर वाटला, आणि म्हणूनच फार वाईट वाटलं. पण मास्तर आत गुदमरून मेले होते.

“माई, तुम्ही गप्प राहिलात तर खुनी सुटतो, आणि तरीही निष्काळजीपणा म्हणून निवारा जातोच. बोललात तर निदान एक गोष्ट हाती लागते.”

“म्हणजे आमचं मरण दोन्हीकडून.”

“हो,” बाई म्हणाल्या. खोटं बोलायचं त्यांच्या जिभेवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

माईंनी पदरानं तोंड पुसलं. “लिहून घ्या,” त्या म्हणाल्या.

जबाब लिहून होतो न होतो तोच हवालदार धापा टाकत आले. त्यांच्या हातात कागदाची पुडी होती आणि चेहऱ्यावर भूत पाहिल्याचा भाव.

५

सभेच्या आधी तिन्ही साहेब आजाऱ्यांच्या खोलीत उभे होते. सभापती उंबऱ्याबाहेरच थांबत होते, हवालदारांनी त्यांना नम्रपणे आत घेतलं.

“मास्तर धुरानं मेले नाहीत,” बाईंनी सुरुवात केली. “त्यांच्या तोंडावर उशी दाबली. मग कुणीतरी पडवीतून ही शेगडी आणली, पेटवली, आणि अपघात भासावा म्हणून इथं मांडली. पडवी गल्लीकडून उघडीच असते, येता-जाता शेगडी दिसते, त्यामुळे आणायला अडचण नव्हती. आता हे कुणी केलं असेल? निवाऱ्यातल्या कुणी? इथल्या प्रत्येकाला माहीत आहे, ही शेगडी उवांचे कपडे उकळायची आहे आणि ती या खोलीत कधीच नसते. ती इथं असते असं फक्त तपासणीला आलेला माणूस मानेल.”

“आम्ही तिघं,” अभियंता म्हणाले. ते आता हसत नव्हते.

“तुम्ही नव्हे. शेगडी इथं नसते हे तुम्हीच मला सांगितलंत. शिवाय झरोक्याची हकीगत तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही हे केलं असतं तर दुसरं काहीतरी सोंग रचलं असतं, धुराचं नाही.”

“हे काय चाललंय? झरोक्याचं काय?” सभापती म्हणाले.

“तुम्हीही नव्हे. अहवालात शेगडी आहे, पण ती कुठं आणि कशावर ते नाही. ज्यानं ती मांडली, त्यानं खाटेमागचा फरशीचा तुकडा शोधून काढून खाली घातला. तपासणीच्या दिवशी होती तशी, त्याच कोपऱ्यात. तुम्ही उंबऱ्याच्या आत आलाच नव्हता, हे माझ्या हवालदारांनीच पाहिलंय.”

बाईंनी हात वर करून गोणपाट ओढलं. ते खाली पडलं, आणि भगदाडातून दुपारचा गार उजेड थेट नियमकाकांच्या तोंडावर आला.

नियमकाका त्या भोकाकडे पाहत राहिले. मग पुढं झाले, हात उचलला आणि बोटं बाहेर घातली. काचेला लागतील म्हणून त्यांनी ती जपून नेली होती. ती कशालाच लागली नाहीत.

“काचेचं बिल मी पास केलंय,” ते म्हणाले. “काच असणारच. बिल पास केलंय मी.”

हवालदारांनी पुडी उघडली. आत एक किल्ली होती. तिच्या भोकात पांढऱ्या नाडीचा तुटका तुकडा अडकून राहिला होता, आणि नाडीला चिठ्ठी बांधलेली, वळणदार अक्षरात ‘जमा’ लिहिलेली.

“तुमच्या फळीवर होती,” बाई म्हणाल्या. “टाकून का नाही दिलीत काका? नदीत, गटारात, कुठंही?”

“टाकून?” त्यांना प्रश्नच कळला नाही. “पालिकेची मालमत्ता आहे. जमा करायलाच हवी.”

मग ते खाटेच्या कडेला बसले आणि हळूहळू सगळं बोलून मोकळे झाले. प्रश्न हातात आल्यावर ते स्वतः माळरानावर जाऊन आले होते. नोकरीत पहिल्यांदाच, सही केलेली वस्तू बघायला. तिथं पाटी होती. चोरी दुसऱ्यांनी केली होती, सही त्यांची होती. निवृत्तिवेतन अडकणार, नाव जाणार. मास्तर आजारी आहेत असं कळलं, म्हणून रात्री गल्लीच्या दारानं ते विनवायला आले. मास्तरांनी उठून कडी काढली, खाटेवर बसायला जागासुद्धा दिली.

“म्हटलं, एवढी एक सभा जाऊ द्या. मी निवृत्त होतो, मग विचारा. ते म्हणाले, मला ताप आहे हो, पुढच्या सभेपर्यंत मी कुठला असायला? मग मी किल्ली मागितली. ती द्यायलाच हवी होती त्यांनी, नियमानं. नाही दिली. मी ओढली, ते ओरडणार तेवढ्यात उशी हाताला लागली.” त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. “मी एक पैसा खाल्ला नाही, इन्स्पेक्टरबाई. हे लिहून घ्या.”

“लिहिते,” बाई म्हणाल्या. सभापतींनी घड्याळ पाहिलं आणि सभेची वेळ झाली म्हणाले.

६

सभा वेळेवर सुरू झाली. इन्स्पेक्टरबाई मागच्या बाकावर बसल्या, शेजारी माई.

सभापती फार सुंदर बोलले. एका अधिकाऱ्याच्या हातून घडलेल्या अघोर कृत्याचा त्यांनी निषेध केला. मास्तरांसाठी सभागृह उभं राहिलं आणि लगेच खाली बसलं. घरांच्या प्रकरणाची चौकशी करायला समिती नेमली, तिचे अध्यक्ष म्हणून सभापतींचंच नाव पुढं आलं आणि त्यांनी संकोचून स्वीकारलं. अभियंता समितीचे सचिव झाले. मग पुढचा विषय आला. निवारा चालवणाऱ्या संस्थेनं खोटी सोय दाखवून अनुदान लाटल्याचं पोलिसांसमोरच कबूल केलं आहे, सबब अनुदान बंद, जागा आज संध्याकाळपर्यंत रिकामी करून घ्यावी. ज्या जबाबानं माईंवरचा आळ गेला, त्याच जबाबावर हा ठराव उभा होता. हात वर झाले. विरोधात एकही नाही.

“संध्याकाळपर्यंत,” माई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. इन्स्पेक्टरबाईंना वाटलं, यांनी आपल्या तोंडावर थुंकलं असतं तर बरं झालं असतं.

पालिकेची माणसं कुलूप घेऊन आली तेव्हा निवाऱ्यातल्यांनी वळकट्या बांधायला सुरुवात केली होती. कुणी भांडत नव्हतं. निघायची त्यांना सवय होती, हेच बघवत नव्हतं. शिंपिणीनं अर्धवट सांधलेली चादर सुईसकट गुंडाळली. दाराबाहेर गारठा उतरू लागला होता.

बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

“कुणी कुठं जायचं नाही. ही खुनाची जागा आहे. पंचनामा पुरा व्हायचाय, सगळ्यांचे जबाब व्हायचेत. तोवर जागा पोलिसांच्या ताब्यात, आणि साक्षीदारांनी जागेवरच राहायचं.”

“किती वेळ लागेल?” कुलूपवाल्यानं विचारलं.

“तपास आहे. सांगता येत नाही.”

कायद्यात असं कुठं लिहिलेलं नव्हतं. पण तसं नाही असंही त्या कुलूपवाल्याला ठाऊक नव्हतं. तो साहेबांना विचारून येतो म्हणून गेला. वळकट्या घेऊन उभी असलेली माणसं बाईंकडं बघत राहिली, आणि मग एकेक जण खाली बसला.

हवालदारांनी बाईंना बाजूला घेतलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांचा आवाज कधी एवढा खाली आला नव्हता.

“बाई, जबाब रखडले, पंचनामा रखडला, तर कागद कोर्टात मुदतीत जायचे नाहीत. मुदत टळली की नियमकाकांना जामीन. वकील चांगला मिळाला तर पुढं सगळंच ढिलं. म्हाताऱ्यानं मास्तरांना मारलंय. हातात आलेला खुनी सोडताय तुम्ही.”

“माहीत आहे मला.”

“मग?”

बाई माईंकडं वळल्या आणि हवालदार जे बोलले ते जसंच्या तसं सांगितलं. काही लपवलं नाही. थंडी ओसरेपर्यंत तपास लांबवता येईल, त्याची किंमत ही. तुम्ही सांगा.

माईंनी मास्तरांच्या खोलीच्या बंद दाराकडं पाहिलं. मास्तरांना त्यांनीच रस्त्यावरून उचलून आणलं होतं, सख्ख्या भावासारखं सांभाळलं होतं. आत दालनात कुणीतरी वळकटी सोडून पुन्हा अंथरत होतं.

“हे मला का विचारता?” त्या म्हणाल्या. “कुणाचं राहू द्यायचं नि कुणाचं कापायचं, हे त्या सभागृहातल्यांनी ठरवायचं असतं. मी नाही ठरवणार. मला नका हो लावू त्या कामाला.” आणि त्या तोंडावर पदर घेऊन दिवसभरात पहिल्यांदा रडल्या.

इन्स्पेक्टरबाई त्यांच्या जवळ उभ्या राहिल्या. खांद्यावर हात ठेवावा असं वाटलं, पण तेवढा आपला हक्क नाही हेही वाटलं. मग त्यांनी हवालदारांकडून पंचनाम्याचा कागद घेतला, वर तारीख घातली, ‘सुरू’ असं लिहिलं आणि खालची सगळी जागा कोरी ठेवून घडी केली.

“पंचांना सकाळी बोलवा,” त्या म्हणाल्या.

“सकाळी नक्की बाई?”

“सकाळी त्यांना सांगा, परवा या.”

हवालदारांनी दालनाचं दार ओढून घेतलं. बाईंनी तो कोरा कागद खिशात घातला, आणि मास्तरांच्या खोलीकडं न बघता त्या बाहेर पडल्या.